ठिपक्यांनी धरलेली लाट

शेतातल्या पंपाची मोटर चालू असते तेव्हा अँमीटरचा काटा एका आकड्यावर शांत उभा दिसतो. तारेतली धारा मात्र क्षणभरही शांत नसते. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तने करते; म्हणजे शून्यापासून शिखरापर्यंत, तिथून उलट्या दिशेच्या शिखरापर्यंत आणि परत शून्यावर, हा सारा प्रवास २० मिलिसेकंदांत आटोपतो. काटा या प्रवासाची गोळाबेरीज तेवढी सांगतो. लाट गोलसर आहे की टोकदार, ती व्होल्टेजच्या बरोबरीने चालते की मागे रेंगाळते, हे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. आलेल्या विजेपैकी मोटर किती कामी लावते आणि किती नुसतीच तारेतून ये-जा करते, याचे उत्तर तर त्या आकारात आणि त्या रेंगाळण्यातच दडलेले असते. हा आकार कागदावर उतरवण्याच्या खटपटीला आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली.

या वाटेवरचे पहिले मोठे नाव फ्रान्सच्या ज्यूल झुबेर यांचे. १८७८ पासून पॅरिसच्या रस्त्यांवर याब्लोचकोव्हच्या विद्युत्-मेणबत्त्या जळू लागल्या होत्या आणि त्यांना उलटसुलट वाहणारी, म्हणजे प्रत्यावर्ती, धारा लागत असे. या धारेचा आणि दिव्यातल्या ज्योतीचा अभ्यास करताना झुबेर यांच्यापुढे अडचण उभी राहिली : लाटेच्या वेगाने हलू शकेल असा काटाच जगात नव्हता. १८८० साली त्यांनी त्यावर तोड काढली. जनित्राच्या आसावर त्यांनी असा संपर्क बसवला, की प्रत्येक फेऱ्यात ठरावीक कोनाशी तो निमिषमात्र जुळे. त्या निमिषाचे व्होल्टेज विद्युत्मापीकडे जाई. पुढच्या फेऱ्यात तोच कोन, तेच व्होल्टेज; त्यामुळे मंद उपकरणही हळूहळू त्या मूल्यावर स्थिरावे. मग संपर्क किंचित सरकवायचा, पुन्हा थांबायचे, पुन्हा नोंद करायची. अशा नोंदींचे ठिपके जोडले, की लाट कागदावर उमटे.

या युक्तीचा सगळा भार एका गृहीतावर होता : प्रत्येक लाट आधीच्या लाटेसारखीच आहे. प्रयोग चालू असेतो भार बदलता कामा नये, जनित्राचा वेग ढळता कामा नये. पुढे, विसाव्या शतकाच्या आरंभी, एदुआर ओस्पितालिए यांनी हेच काम यंत्रावर सोपवले. त्यांच्या ‘ऑन्डोग्राफ’मध्ये दाते असलेली चाके दर शंभराव्या लाटेतून एक नमुना घेत आणि दर वेळी नमुन्याची जागा किंचित पुढे सरकवत. त्या क्षणाचे व्होल्टेज एका धारित्रात साठे, आणि फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर लेखणी संथपणे वक्र काढत जाई. माणसाचा धीर यंत्रात आला, गृहीत मात्र जिथल्या तिथे राहिले.

ते मोडायचे तर एकच लाट, ती घडत असतानाच, धरायला हवी होती. १८९३ साली आंद्रे ब्लोंदेल यांनी त्यासाठी ऑसिलोग्राफची कल्पना मांडली आणि १८९७ साली लंडनमध्ये विल्यम डडेल यांनी तो प्रत्यक्ष वापरता येईल असा घडवला. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणून बसवलेल्या धातूच्या दोन अरुंद पट्ट्या, त्यांवर चिकटवलेला इवलासा आरसा आणि सारे तेलात बुडवलेले, अशी त्याची रचना. एका पट्टीतून धारा वर जाई, दुसरीतून खाली येई. धारा बदलली की पट्ट्या विरुद्ध बाजूंना सरकत, आरसा कलत असे आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका सरकत्या फोटोफिल्मवर रेघ ओढे. तेलामुळे आरसा उगाच थरथरत राहत नसे. अशा दोन जोड्या शेजारी ठेवल्या, की व्होल्टेज आणि करंट एकाच फिल्मवर उतरत. विद्युत्-ज्योतीच्या बाबतीत या फिल्मवर एक गोष्ट डोळ्यांना दिसली : दोन्ही वक्र एकदमच शून्यावर येतात, तरी त्यांचे आकार वेगळे असल्याने पॉवर फॅक्टर एकाहून कमी भरतो. मापकांचे काटे असा फरक दाखवू शकत नव्हते.

त्याच १८९७ साली स्ट्रासबर्गमध्ये फर्डिनांड ब्राउन यांनी कॅथोड किरणांची नळी सादर केली. तिचा पहिला उपयोगही बदलत्या धारेचा कालक्रम पाहणे हाच होता. इलेक्ट्रॉनांना आरशासारखे वजन नसल्यात जमा, म्हणून पुढच्या शतकात प्रयोगशाळेतल्या ऑसिलोस्कोपची वंशावळ याच नळीपासून वाढली.

इकडे १९१५ साली टाटांची जलविद्युत् खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांत पोचली आणि वाफेच्या इंजिनांची जागा मोटरी घेऊ लागल्या. पुढे मोटर गिरणीतून पिठाच्या चक्कीत, विहिरीवर आणि घराघरात गेली. तिची लाट पाहण्याचे साधन मात्र दीर्घकाळ प्रयोगशाळेच्या टेबलावरून खाली उतरले नाही.

ते उतरले मायक्रोकंट्रोलरमुळे. २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेआ गावी, अभिकल्पाच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून, ‘आर्डुइनो’ हा छोटा फलक तयार झाला. त्याच्या ‘उनो’ या प्रचलित रूपातली चिप नेहमीच्या मांडणीत एक व्होल्टेज मोजून आकडा द्यायला सुमारे १०४ मायक्रोसेकंद घेते. म्हणजे ५० आवर्तनांच्या विजेच्या एका लाटेवर साधारण १९० ठिपके. करंटसाठी हॉल परिणामावर चालणारा संवेदक असतो. एडविन हॉल यांनी हा परिणाम शोधला १८७९ साली, झुबेर यांच्या युक्तीच्या अवघे एक वर्ष आधी. व्होल्टेजसाठी लहानसे रोहित्र वापरतात, आणि ते वापरलेच पाहिजे. २३० व्होल्ट थेट फलकाशी जोडणे म्हणजे जिवाशी खेळ.

या फलकाला आपण ऑसिलोस्कोपचा धाकटा भाऊ समजतो. पण स्वभावाने तो झुबेर यांच्या घराण्यातला : तोही सलग रेघ पाहत नाही, ठिपके घेतो, आणि ते जोडतो आपण. म्हणून त्या घराण्याच्या मर्यादाही त्याच्याकडे आल्या आहेत. त्याची स्मृती २,०४८ बाइटची. व्होल्टेज आणि करंटच्या जोडीला ४ बाइट लागतात, म्हणजे जेमतेम चार-पाच लाटा मावतात. मोटर सुरू होताना ती नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते आणि वेग पकडायला बरेचदा याहून जास्त वेळ घेते. तेव्हा कुठला क्षण टिपायचा हे आधी ठरवावे लागते.

दुसरी मर्यादा अधिक फसवी आहे. चिप दोन्ही मापे एकदम घेत नाही. आधी व्होल्टेज, मग १०४ मायक्रोसेकंदांनी करंट. लाटेच्या हिशेबात हा फरक सुमारे १.९ अंशांचा. पुऱ्या भारावर, पॉवर फॅक्टर ०.८५ असताना, त्याने शक्तीच्या मापात दोनएक टक्क्यांची चूक होते. रिकाम्या फिरणाऱ्या मोटरीचा पॉवर फॅक्टर ०.२ धरला, तर तीच चूक १५ टक्क्यांवर जाते. वक्र मात्र दोन्ही वेळा तितकाच सुबक दिसतो. रोहित्रही आपल्यापरीने लाट थोडी सरकवते. उपाय सोपा आहे : मोटरीच्या जागी आधी पाणी तापवायचा हीटर जोडावा. त्यात व्होल्टेज आणि करंट बरोबरीने चालतात. तिथे जे अंतर दिसेल ते उपकरणाचे. मोटरीच्या मापातून ते वजा करावे.

झुबेर यांना प्रत्येक ठिपक्यासाठी थांबावे लागे, आणि थांबता थांबता तो ठिपका कुठल्या क्षणाचा हे त्यांना पक्के ठाऊक असे. आज ठिपके आपोआप पडतात. तो क्षण विचारायचे काम तेवढे आपल्याकडे उरले आहे. मोटर किती वीज खाते, या प्रश्नाचे खरे उत्तर हवे असेल तर ते टाळता येत नाही.