वह्या तपासणे आणि कोड तपासणे

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामाजी, प्रोग्राम चालून राह्यला, पण आता तो कोणालेच वाचता येत नाही." मला गंमत वाटली. उत्तर बरोबर पण मांडणी गिचमिड, अशा वह्या भातकुलीत मी जन्मभर तपासल्या!

मग या तपासणीचा इतिहास थोडा त्याच्याकडून ऐकला, थोडा वाचला. १९७६ साली थॉमस मॅकेब यांनी प्रोग्राममधल्या वाटा-फाटे मोजून गुंतागुंतीला आकडा दिला. आकडा फार वाढला की त्या भागाचे लहान तुकडे पाडायचे. त्याच वर्षी आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी चौघांनी बसून कोड बारकाईने वाचण्याची पद्धत मांडली. पुढे १९८१ मध्ये पुण्यात टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था निघाली. तिथे तर प्रोग्राम तपासणारे प्रोग्रामच तयार झाले.

पण फेगन यांनी तेव्हाच बजावले होते, की सापडलेल्या चुकांवरून माणसाची लायकी ठरवू नका.

हे वाचून मी थबकलो. दहावीच्या निकालाची टक्केवारी राखण्यासाठी एका वर्षी दोन कच्च्या पोरांना मी नववीतच रोखले होते. निकाल शंभर टक्के लागला, माझा सत्कार झाला. त्यातला एक पोरगा पुन्हा शाळेत आलाच नाही.

भाच्याला एवढेच सांगितले, "बाबू, आकडा जरूर मोज, पण कोड सुधारायसाठी. माणसाच्या कपाळावर चिकटवू नको."