बाळाच्या धुरीचं मूळ

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, १०व्या अध्यायात, नवजात बाळाची व्यवस्था सांगितली आहे. मऊ वस्त्रावर निजवावं, कडुनिंबासारख्या झाडांच्या डहाळ्यांनी वारा घालावा, टाळूवर रोज तेलाचा बोळा ठेवावा, राक्षसांना पिटाळणाऱ्या द्रव्यांची धुरी द्यावी. आणि या यादीच्या शेवटी एक त्रोटक सूचना येते: जखमी माणसाच्या शुश्रूषेचा अध्यायही पाहावा.

बाळ आणि जखमी? म्हणून मी तो अध्याय उघडला. सूत्रस्थानातला १९वा. तिथे मोहरी, कडुनिंबाचा पाला, तूप आणि मीठ यांची धुरी सांगितली आहे, दिवसातून दोनदा, १० दिवस. इकडे शारीरस्थानात बाळाचं नाव ठेवायचं तेही १०व्या दिवशी. माझं मत तेव्हाच पक्कं झालं. आपल्याकडे बाळाला देतात ती धुरी मुळात शल्यवैद्याने जखमीच्या खोलीतून बाळंतिणीच्या खोलीत नेली. कारण नाळ कापल्यावर बेंबी ही जखमच असते, आणि ती सुकून पडायला साधारण तेवढाच काळ लागतो.

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात धुरी कशी देतात ते कुणाला सांगायला नको. करवंट्यांचे निखारे मातीच्या धुपाटण्यात, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, वेखंड, लसणीची सालं, चिमूटभर ऊद. न्हाऊ-माखू घातलेलं बाळ आजी दोन्ही हातांवर आडवं धरते, आधी पाठ, मग पोट, मग लंगोट धुरावर धरून ऊब देते. दार लोटलेलं, खिडकीला फडकं. तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळून त्याच निखाऱ्यांवर टाकल्या की तडतड होते आणि दृष्ट निघाली म्हणतात. मीठ आणि मोहरी: सुश्रुताच्या चारांपैकी दोन जिन्नस आजही जागच्या जागी आहेत.

या मतावर दोन आक्षेप येतात. पहिला किरकोळ आहे. धुरी ही कोकणच्या दमट हवेची सोय, पावसात दुपटी सुकत नाहीत, बाळ गारठतं, म्हणून. पण मग मराठवाड्यात, विदर्भात, जिथे उन्हाळ्यात हवेत थेंबभर ओल नसते, तिथे धुरी कशाला असती? ती तिथेही आहे.

दुसरा आक्षेप मात्र भारी आहे. घरगुती विधींच्या पारस्कर गृह्यसूत्रात बाळंतिणीच्या दाराशी सूतिकाग्नी पेटवायला सांगितला आहे. ती उठेपर्यंत, दोन्ही संधिकाळी, त्यात कोंड्यात मिसळलेल्या मोहऱ्या टाकायच्या. दिवसातून दोनदा आणि मोहरी, दोन्ही इथे आहेत, आणि गृह्यसूत्रं सुश्रुताहून जुनी मानली जातात. म्हणजे भुताखेतांचा विधी आधीचा, वैद्य मागून आला, असं कुणी म्हणेल. काश्यपसंहिताही त्याच बाजूची वाटते. नेपाळात मिळालेल्या पोथीवरून १९३८ साली छापलेल्या या बालरोगांच्या ग्रंथात धुपांवर एक अख्खं प्रकरण आहे, आणि तिथे रोख बालग्रहांवर, म्हणजे बाळाला झपाटणाऱ्या भुताखेतांवर आहे.

मी एवढं मान्य करतो की निखारा आणि वेळ विधीकडून आले. पण कडुनिंब, तूप आणि मीठ त्या सूत्रात नाहीत. ते जखमेच्या अध्यायातले आहेत. शिवाय बाळाचं सांगताना जखमीकडे बोट दाखवायची गरज मांत्रिकाला पडत नाही, शस्त्र चालवणाऱ्याला पडते. विधीच्या आगीत वैद्याने औषध टाकलं, असाच निकाल मला द्यावासा वाटतो.

ऊद मात्र यात कुठेच बसत नाही. तो समुद्रावरून आला. अरबीत या शब्दाचा अर्थ लाकूड, आणि विशेषकरून अगरू. आपल्या दुकानात ऊद म्हणून मिळतो तो राळेसारखा डिंक, जो सुमात्रा बेटाकडून येई आणि ज्याला अरब जावी लोबान म्हणत. नाव एकाचं, माल दुसऱ्याचा. इ. स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसुदी सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, आला तेव्हा तिथे सुमारे १०,००० मुसलमानांची वस्ती असल्याचं त्याने नोंदवलं आहे. अशा बंदरात जळणाऱ्या प्रत्येक महागड्या सुगंधाला एकच नाव पडलं असणार, आणि तिथूनच ते आजीच्या डब्यात गेलं.

सुश्रुताच्या शारीरस्थानातल्या त्याच १०व्या अध्यायात दुधाचंही आहे. आईला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, तोवर मध-तूप चाटवावं. मध चाटवायची आणि चीक, म्हणजे आईचं पहिलं दूध, पिळून टाकायची रीत आपल्या किनाऱ्यावरही होती, काही घरांत अजून आहे. पण वैद्याची नजर किती बारीक होती पाहा: छाती तटतटली असताना तसंच पाजलं तर बाळाला खोकला, धाप आणि उलटी होते, म्हणून थोडं दूध आधी काढून टाकावं, असं तो सांगतो. पान्हा जोरात आला की ठसका लागतो, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. माझा अंदाज असा की थोडं काढण्याची ही सूचना ताणली जाऊन सगळा चीक टाकण्यापर्यंत गेली. फार महागात पडलं ते. चिकातली प्रतिपिंडं बाळाच्या घशाला, आतड्याला पहिलं संरक्षण देतात. म्हणून जन्मल्यावर तासाभरात पाजायला घ्यावं, सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, आणि मध वर्षभर देऊ नये, कारण त्यात घातक जंतूंचे बीजाणू असू शकतात.

रीत कशासाठी होती ते कळलं की ती ठेवायची की सोडायची ते ठरवता येतं; धुरीचं कूळ शोधायचं ते याचसाठी. ती भुतांसाठी असेल तर आजीशी वाद घालता येत नाही. पण ती बेंबीच्या जखमेसाठी असेल, तर ते काम आता निर्जंतुक पातं करतं आणि नाळ कोरडी ठेवली की भागतं. उरतो तो फक्त धूर. एका खोलीचं घर, तिथेच चूल, पावसाळ्यात दारं बंद, बाळ-बाळंतीण दिवसभर आत. त्यात धुरीची भर. वजनाच्या मानाने बाळ मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली घरातल्या धुराने जगात ५ वर्षांखालची २,३७,००० हून अधिक मुलं दगावली.

तेव्हा आजीचं तेल, कोमट पाणी, मांडीवरचं न्हाणं सगळं राहू द्या. धुपाटणं तेवढं बाळाच्या खोलीबाहेर काढा, आणि दृष्ट अंगणात काढा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. ६० किंवा जास्त भरले, किंवा श्वासासरशी बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर दुसरं काही न करता तडक दवाखाना गाठा.