बावखलाचे कारभारी

ज्युबिलीच्या मंगल समयीं देवमंदिराच्या भिंती, घंटा व वेदी ह्यांचा इतिहास सांगण्याची आपली रीत आहे. परंतु ज्या भूमीनें ह्या मंदिराचे भाविक पोसले, तिचाहि इतिहास सांगणें अगत्याचें होय.

वसईचा पश्चिम पट्टा समुद्रकांठीं वसलेला. येथें जमिनीच्या पोटांत पावसाचें गोडें पाणी हलकें म्हणून वर, आणि समुद्राचें खारें पाणी जड म्हणून खालीं राहतें. आपल्या पूर्वजांनीं वाडीवाडींत बावखलें खणलीं. निघालेल्या मातीनें सखल जमीन उंच केली, पावसाचें पाणी सांठविलें, आणि रहाटानें तें केळी, पानवेली व फुलझाडें ह्यांस घातलें. रहाट हळू चाले. म्हणून उपसाहि बेताचाच होई. सन १५३४ पासून १७३९ पर्यंत येथें पोर्तुगीजांचा अंमल होता, पुढें मराठे आले, मग इंग्रज आले. राज्यें गेलीं, वाडी राहिली.

वाडीवर खरें संकट स्वातंत्र्योत्तर काळांत आलें. विजेचे पंप बसले. मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकतां इमारती उठल्या, आणि त्यांस विहिरींचें पाणी टँकरांनीं जाऊं लागलें. गोडें पाणी सरलें तशी खालची खार वर चढली व विहिरी मचूळ झाल्या. तेव्हां, सन १९८८-८९ च्या सुमारास, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समिति उभी राहिली, आणि इतर धर्मांचे शेजारीहि तींत सामील झाले.

धर्मगुरूनें पाण्याची उठाठेव कां करावी, असें कोणी म्हणेल. उत्पत्तीच्या पुस्तकांत परमेश्वरानें मनुष्यास बागेंत ठेविलें तें तिची मशागत व राखण करण्यासाठीं, हें त्यानें आठवावें. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं सन १९७९ मध्यें असीसीच्या संत फ्रान्सिसांस पर्यावरणरक्षकांचे आश्रयदाते ठरविलें. आणि पोप फ्रान्सिस ह्यांनीं सन २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रांत सृष्टीची राखण ही ख्रिस्ती जीवनांत ऐच्छिक बाब नव्हे, असें स्पष्ट शिकविलें.

परंतु प्रिय बंधुभगिनींनो, सारा दोष परक्यांचा नव्हे. टँकरास पाणी विकणारे व बावखल बुजविणारे हात कांहीं अंशीं आपलेहि होते. फादर दिब्रिटो सन २०२४ च्या जुलैंत प्रभुघरीं गेले. त्यांच्या स्मृतीस हार अर्पण करणें सोपें आहे. घरामागचें बावखल राखणें कठीण आहे. धनी परत येईल तेव्हां कारभाऱ्यास हिशेब विचारील. त्या दिवशीं आपल्या ओंजळींत गोडें पाणी असावें, हीच ज्युबिलीची प्रार्थना.