घराशी जुळणारे काम

घरी बसून नोकरी करणे ही २०२० सालच्या महासाथीची देणगी, असे आपण सहज म्हणून जातो. इतिहास मात्र निराळे सांगतो.

१९३९ साली नाझी छळातून वाचवलेल्या बालकांबरोबर पाच वर्षांची एक मुलगी इंग्लंडला पोहोचली. याच पुढे स्टेफनी शर्ली म्हणून नावारूपाला आल्या. १९६२ साली अवघ्या सहा पौंडांच्या भांडवलावर त्यांनी संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी संस्था काढली. मुलाबाळांमुळे नोकरी सुटलेल्या स्त्रियांना त्या घरीच काम देत. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष होते केवळ तीन! काँकॉर्ड विमानाच्या ‘ब्लॅक बॉक्स’ची आज्ञावली याच स्त्रियांनी लिहिली. तरीही गिऱ्हाइकाचा फोन आला, की घरातले आवाज झाकण्यासाठी शर्लीबाई टंकलेखनाची ध्वनिफीत लावीत. काम मिळवायचे, तर घर लपवावे लागे.

घराची अशी लाज वाटावी काय? १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकात याचे उत्तर दिले. कामाची घडणच माणसाच्या गरजांना, विशेषतः त्याच्या गृहजीवनाला, साजेशी असावी, असे त्यांनी शिकवले.

आज आपली मुलेमुली जेवणाच्या मेजावर संगणक मांडतात. पण रोझरीच्या वेळीही साहेबांचा फोन वाजतो. कार्यालय घरात आले खरे. आता त्याने घराची रीत पाळावी, एवढा आग्रह आपण धरायलाच हवा.