जोडधंदा म्हणून व्यावसायिक छायाचित्रण : वेळ, प्रकाश आणि दर

व्यावसायिक छायाचित्रण हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. पैसे घेऊन काढलेला कोणताही फोटो त्यात घालतात. या विवेचनापुरता अर्थ थोडा आवळून घेऊ: माल किंवा सेवा विकली जावी म्हणून काढलेले आणि त्या विक्रीत वापरले जाणारे छायाचित्र. कॅटलॉग, मेनूकार्ड, खोका, संकेतस्थळ, होर्डिंग ही त्याची मुक्कामाची ठिकाणे. लग्नाचा अल्बम यात बसत नाही, कारण तिथे गिऱ्हाईक स्वतःच्या आठवणीसाठी पैसे मोजतो. इथे तो धंद्यातला खर्च म्हणून मोजतो आणि परताव्याची अपेक्षा ठेवतो.

नोकरी सांभाळून या कामात उतरू पाहणारा पहिला प्रश्न विचारतो तो कॅमेऱ्याचा. प्रश्न गैर नाही, पण तो आधी विचारायचा नाही. अशा माणसाकडे पैशापेक्षाही तुटपुंजे भांडवल असते ते वेळेचे. शनिवार-रविवार, सणांच्या सुट्या, रात्रीचे दोन तास, एवढाच साठा, आणि तो वाढवता येत नाही. म्हणून कामाचे प्रकार 'दागिने, खाद्यपदार्थ, वास्तू, फॅशन' असे विषयावरून पाडण्यापेक्षा घड्याळ कोणाच्या हातात आहे यावरून पाडावेत.

घड्याळ कोणाचे

पहिल्या वर्गात घड्याळ घटनेच्या हातात असते. कंपनीचा समारंभ, दुकानाचे उद्घाटन, प्रदर्शन. ठरलेल्या वेळी हजर राहावे लागते, निसटलेला क्षण परत येत नाही आणि तारीख बहुधा कामाच्या दिवशीच पडते. जोडधंदेवाल्याने इथून सुरुवात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, जरी ओळखीपाळखीतून पहिली कामे नेमकी हीच येतात.

दुसऱ्या वर्गात घड्याळ जागेच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या हातात असते, पण त्यात फटी असतात. हॉटेलात दुपारची गर्दी ओसरल्यापासून संध्याकाळची सुरू होईपर्यंतचे तीन तास मोकळे मिळतात. सदनिकेचे फोटो खिडकीतून ऊन कधी येते त्यावर ठरतात. पुण्याजवळच्या भोसरी-पिंपरी पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे ज्याच्या कचेरीला रविवारची सुट्टी आहे त्याला यंत्रे आणि कामगार चालू अवस्थेत टिपण्यासाठी आठवड्यातला एक पूर्ण दिवस आयताच मिळतो. अशा फटी शोधणे हे या वर्गातले निम्मे कौशल्य आहे.

तिसऱ्या वर्गात घड्याळ आपल्या हातात असते. वस्तू खोक्यात भरून घरी येते, आपल्या सवडीने तिचे फोटो निघतात आणि ती परत जाते. कृत्रिम प्रकाशाला रात्रीचे अकरा आणि सकाळचे अकरा सारखेच. फोटो बिघडला तर उद्या पुन्हा काढता येतो, आणि शिकणाऱ्याला ही सवलत अमोल आहे.

हा विचार नवा नाही. लाला दीनदयाळ १८६६ पासून इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. त्या काळातले त्यांचे बरेचसे काम मध्य हिंदुस्थानातल्या मंदिरांचे, किल्ल्यांचे आणि राजवाड्यांचे आहे. दरबार आणि राजेरजवाड्यांची चित्रेही त्यांनी काढली, पण नोकरी चालू असताना पाया रचला तो जागचे न हलणाऱ्या विषयांवर. पुढे त्यांनी आधी दीर्घ रजा घेतली, मग नोकरी सोडली. हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार ही ओळख त्यानंतरची.

प्रकाशाचा प्रश्न

वस्तू निवडली की तांत्रिक प्रश्न सोपा होईल असे वाटते. होतो त्याच्या उलट. वस्तू हलत नाही म्हणून कॅमेऱ्याचा प्रश्न जवळजवळ सुटतो: ट्रायपॉड भक्कम असेल तर आयएसओ १०० वर शटर कितीही वेळ उघडे ठेवा, दहा वर्षांपूर्वीची बॉडीही निर्दोष फाइल देते. सगळी अडचण प्रकाशाकडे सरकते.

पृष्ठभाग प्रकाश दोन तऱ्हांनी परतवतो. सुती कापड, कागद, न झिलई दिलेली माती या वस्तू प्रकाश सगळीकडे विखुरतात. अशा वस्तूवर दिवा कुठूनही टाका, ती दिसते. फरक पडतो तो सावलीच्या कडेत. धातू, काच आणि लाखेचा पृष्ठभाग मात्र आरशाचा नियम पाळतो: ज्या कोनाने प्रकाश आला त्याच कोनाने तो जातो. विणलेल्या कापडापासून सुरुवात करावी ती यामुळेच. चुका माफ होतात.

चांदी माफ करत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीचा एखादा पैंजण टेबलावर ठेवा आणि त्यावर सरळ फ्लॅश मारा. चांदी काळी येते, आणि मध्ये दोन-चार पांढरे ठिपके. यात फ्लॅशचा दोष नाही. चकाकत्या चांदीला कॅमेऱ्यापुरते स्वतःचे असे रूप जवळजवळ नसतेच, तिच्यात दिसते ते भोवतालचे प्रतिबिंब. खोली अंधारी असेल तर चांदीत अंधार दिसणार. म्हणून इथे दिवा चांदीवर टाकायचा नाही, चांदीला जे दिसते ते उजळायचे. पैंजणाच्या दोन्ही बाजूंना आणि वर बटर पेपर ताणून त्याच्या मागून दिवे लावले की चांदीत पांढरा कागद उतरतो आणि ती चांदीसारखी दिसू लागते. आता दुसरी अडचण: सगळेच पांढरे झाले की कडा हरवतात. मग कागदाच्या आत, चौकटीच्या जरा बाहेर, काळ्या कार्डपेपरच्या बोटभर रुंद पट्ट्या उभ्या करायच्या. त्या पट्ट्यांचे प्रतिबिंब कडेवर बारीक काळी रेघ ओढते आणि नक्षी उठून येते. एकेक पट्टी अर्धा इंच सरकवत जावे लागते.

घुंगरू हा याचा सर्वांत चिवट भाग. प्रत्येक घुंगरू बाहेरून फुगलेला आरसा असल्यामुळे त्यात अख्खी खोली मावते: ट्रायपॉडचे पाय, लेन्सचा काळा गोल, आपल्या शर्टाच्या चौकड्यासुद्धा. लांब फोकसची मॅक्रो लेन्स लावून मागे सरकले की ते प्रतिबिंब लहान होते, पूर्ण जात नाही. उरलेले संगणकावर पुसावे लागते. लेन्सवर पोलरायझर चढवून हे जाईल असे अनेकांना वाटते. नुसत्या धातूवरचे प्रतिबिंब त्याने जात नाही. दिव्यावरही पोलरायझरची फिल्म लावली तरच उपयोग होतो, आणि तेव्हाही चांदी इतकी निर्जीव होते की शिसे वाटावे.

याच्या उलट उदाहरण पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचे. तिथल्या तांब्याच्या भांड्यांवर माठारकाम असते, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची एकसारखी नक्षी. प्रत्येक ठोक्याचा खळगा हा एक चिमुकला अंतर्गोल आरसा. इथे चांदीचा उपाय लागू केला आणि भांडे कागदाने झाकून टाकले तर ठोके सपाट होतात आणि ज्यासाठी लोक हे भांडे विकत घेतात तेच फोटोतून जाते. दिवा थोडा लहान हवा, बाजूने हवा, म्हणजे प्रत्येक खळग्यात आपापला प्रकाशबिंदू उभा राहतो. धातू दोन्हीकडे आहे, पण रीत वेगळी. मऊ प्रकाश सर्वांत चांगला हे शिकवणीतले वाक्य म्हणूनच अपुरे आहे.

ऑनलाइन बाजाराने यात आणखी एक अट घातली. अॅमेझॉनला मुख्य चित्राची पार्श्वभूमी निखळ पांढरी लागते, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ वर, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. चित्र मोठे करून पाहण्याची सोय चालू व्हायला लांब बाजू किमान १,००० पिक्सेल हवी. नव्या माणसाला हे काम कंटाळवाणे वाटते, पण त्यात मोजमापाची शिस्त लागते आणि मागणी सतत राहते.

दर

दर ठरवताना बहुतेक जण शेजारचा काय घेतो ते पाहतात आणि त्याहून थोडे कमी सांगतात. शेजाऱ्याचा खर्च वेगळा असतो, हे ते विसरतात. हिशेब असा मांडून पाहावा. समजा, बॉडी, मॅक्रो लेन्स, दोन दिवे, ट्रायपॉड आणि मॉनिटर मिळून १,८०,००० रुपये लागले आणि ही सामग्री चार वर्षे चालेल असे धरले. वर्षाला ४५,००० रुपये झिजले. रविवारचे सहा तास, वर्षात चाळीस आठवडे, म्हणजे २४० तास. त्यातला फोटो काढण्याचा वेळ एक तृतीयांश धरा. बाकीचा निवड, रीटच, फोन, आणि खोके उघडण्या-बांधण्यात जातो. उरले ८० तास. म्हणजे कॅमेरा चालू असलेल्या दर तासाला नुसती सामग्रीच साडेपाचशेच्या वर खाते. त्या एका तासामागे आपले तीन तास गेले. स्वतःचा तास ३०० रुपयांचा धरला तरी ९०० त्यात मिळवा. बेरीज जवळपास १,४६०.

आता पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या साध्या वस्तूंचे तासाला दहा फोटो होत असतील तर एका फोटोचा खर्च १४६ पडतो. पैंजणाचे तासाला दोनच होत असतील तर ७३० पडतो. नफा अजून आलाच नाही, वीज आणि सॉफ्टवेअरही नाही. 'फोटोमागे शंभर' हा सरसकट दर पहिल्या कामात तोट्याचा आणि दुसऱ्यात आत्मघातकी ठरतो. तरीही लोक तो घेतात, कारण पगार चालू असल्यामुळे तोटा जाणवत नाही. पगाराच्या आडोशाने कमी दर लावणारा स्वतःचे नुकसान करतोच, शिवाय ज्याचे पोट याच धंद्यावर आहे त्याचाही भाव पाडतो.

सामग्री विकत घेण्याऐवजी सुरुवातीची कामे भाड्याच्या लेन्सवर केली तर हा आकडा उतरतो. दिवे मात्र स्वतःचेच हवेत, कारण सराव दिव्यांचा करायचा असतो.

कागदपत्रे

या भागाला लोक सर्वांत शेवटी हात लावतात. परदेशी व्हिडिओ पाहून अनेकांची समजूत होते की फोटो काढणारा तोच हक्काचा मालक. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या १७ व्या कलमाप्रमाणे मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले तर, वेगळा करार नसल्यास, पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे संकेतस्थळासाठी काढलेला फोटो गिऱ्हाइकाने वर्षभराने होर्डिंगवर लावला तर तक्रारीला जागा नाही, आणि तोच फोटो आपल्या नमुन्यांत दाखवायचा तर परवानगी आपणच मागायची. वापराप्रमाणे पैसे घ्यायचे असतील तर काम हाती घेण्याआधी लेखी ठरवावे: मालकी कोणाकडे, वापर कुठे, किती काळ. हक्क लेखी हस्तांतरित करताना मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. फोटोत माणूस असेल, अगदी बांगडी घातलेला नुसता हात असला तरी, त्या व्यक्तीची लेखी संमती वेगळी घ्यावी.

नोकरीच्या बाजूनेही कागद लागतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात आणि खासगी धंद्यासाठी पूर्वपरवानगी लागते. खासगी नोकरीत नेमणूकपत्रातले बाहेरच्या कामाविषयीचे कलम काढून वाचावे. सेवांच्या उलाढालीवर जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला २० लाख रुपये आहे, त्यामुळे सुरुवातीला ती आड येत नाही, आणि पगार त्या उलाढालीत मोजला जात नाही. आयकर विवरणात मात्र ही मिळकत पगाराशेजारी दाखवावीच लागते. कंपन्या बिलातून टीडीएस कापतात, तो आपल्या खात्यावर जमा झाला की नाही हे दर तिमाहीला तपासावे. बिलाला क्रमांक द्यावा, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, आणि परत पाठवलेल्या मालाची पोच गिऱ्हाइकाच्या सहीने ठेवावी. चांदीच्या कामात वस्तू घेताना आणि देताना दोन्ही वेळा समोरासमोर वजन करून ते त्याच पोचपावतीवर लिहावे.