अलिखित लष्करी प्रथा आणि कोशाचे प्रामाण्य

हुकूमनाम्यात नसलेल्या लष्करी प्रथेस कोशात नोंद मिळावी काय? विषुववृत्त ओलांडताना नवख्यांना नेपच्यूनच्या दरबारात ‘हजामत’ करून दाखल करण्याची आरमारी प्रथा या संदर्भात विचारार्ह ठरते. फेब्रुवारी १८३२ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या ‘बीगल’ जहाजावर डार्विनही तीतून सुटला नाही. तोंडाला डांबर व रंग फासून, लोखंडी पट्टीने खरवडून त्याला पाण्यात लोटले गेले. हे त्याच्याच रोजनिशीत आहे. कप्तान फिट्झरॉयने १८३९ च्या वृत्तांतात प्रथेची सावध पाठराखण केली. पुराव्याअभावी नोंद नाकारणे त्यामुळे असमर्थनीय आहे. मात्र दोन्ही साक्षी कप्तानाच्या मेजावरच्या (डार्विन तेथेच जेवत असे). पट्टी धरणाऱ्या खलाशाला हा दरबार काय वाटत होता, ते त्यांतून कळत नाही. नोंद द्यावीच, आणि ही उणीव नोंदीतच नमूद व्हावी.