सुतळीच्या गाठींचं शिल्प होतं, मग आजीची गोधडी कोणत्या खात्यात?

इन्स्टाग्राम किंवा पिंटरेस्टवर 'टेक्स्टाइल आर्ट' शोधलं की परदेशी स्टुडिओंचे फोटो धडाधड समोर येतात. छतापासून लोंबणारे दोर, गाठींचे ढीग, कापडावर चढवलेले कापडाचे थर. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळमध्ये रात्री कुणी हे स्क्रोल करत असेल, तर त्याच्या अंगावर कदाचित आजीने शिवलेली गोधडी असेल. तीही कापडाच्या थरांचीच.

मुंबईत जन्मलेली शिल्पकार

या कलेतलं भारतातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे मृणालिनी मुखर्जी. जन्म 1949, मुंबई. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी आणि शिल्पकार लीला मुखर्जी यांची ही मुलगी. बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे त्या शिकल्या आणि 1970 च्या दशकात त्यांनी दोर हातात घेतला. हेंपचा जाडाभरडा दोर, आपल्याकडच्या अंबाडी-तागाच्या सुतळीच्या जवळचा. दावं किंवा कासरा वळणाऱ्या घरात कुणी त्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही.

त्या माग वापरत नसत. आधी कच्चं रेखाटनही करत नसत. दोर रंगवायचा आणि हाताने गाठीवर गाठ मारत जायचं, गरज पडली तर आत धातूचा सांगाडा. यातून माणसाहून उंच यक्षी, वनराजा, फुलं उभी राहिली. एकेका शिल्पाला कित्येक महिने लागत.

अडचण वेगळीच होती. दोर, विणकाम, गाठी म्हटलं की 'हस्तकला', असा शिक्का बसायचा. शिल्प म्हणजे दगड नाहीतर ब्राँझ. 2015 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झालं आणि काही दिवसांतच त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांच्यावर प्रदर्शन भरवलं ते 2019 मध्ये.

मुंबईच्याच मोनिका कोरिया यांनी माग सोडला नाही, पण मागाची फणी मध्येच काढून टाकली. फणीमुळे ताण्याचे धागे सरळ रांगेत राहतात. ती नसली की ते हवे तसे वळतात, आणि कापडावर झाडासारख्या, पाण्यासारख्या रेषा उमटतात.

गोधडीत नेमकं काय असतं?

जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची आणि धावदोऱ्याने जोडायची. बऱ्याच गोधड्यांत टाके कडेने आत आत सरकत जातात. प्रत्येक टाक्यागणिक कापड किंचित आवळतं आणि पृष्ठभागावर बारीक लाटा येतात. डिझाइन कॉलेजात याला 'सरफेस डिझाइन' म्हणतात, फी भरून.

तांड्यावरच्या बंजारा बायकांच्या फेटिया आणि काचळीवर आरसे, कवड्या, नाणी टाचलेली असतात. तिथे कापडालाच वजन आणि आवाज येतो. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला 2010 मध्ये जीआय मानांकन मिळालं.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्या लोकांच्या वंशातल्या कृष्णवर्णीय बायका तिथे जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात, तेही थंडीसाठीच. 2002 मध्ये त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, प्रत्येकीखाली शिवणारीचं नाव. 2006 मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर 10 तिकिटं काढली.

प्रेरणा घ्यायची म्हणजे काय करायचं?

मुखर्जींच्या फुलाची नक्कल केली तर हाती मॅक्रमेचं शोपीस येईल. त्यापेक्षा त्यांची पद्धत बघा: एकच साधं साहित्य, एकच गाठ, आणि त्यातून किती आकार निघतात याचा वर्षानुवर्षं घेतलेला शोध. सुतळीचा एक गुंडा आणून सुरुवात करता येते.

गोधडीचा फोटो काढणार असाल तर उलटी बाजूही काढा, टाका तिथे स्पष्ट दिसतो. कोणता तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हे शिवणारीला विचारून घ्या. आणि पोस्ट टाकताना तिची परवानगी घेऊन तिचं नाव लिहा, 'आजीची गोधडी' एवढंच नको.